कोड्यात लिहिलेला रस्ता: नेव्हिगेशनल रॅलीतल्या सूचना कशा उलगडतात

कागदावर एक आडवी रेघ असते. तिला वरच्या अंगाला तीन बारीक काड्या, खालच्या अंगाला दोन. गावाचं नाव नाही, अंतर नाही, कुठे वळायचं तेही नाही. ब्रिटनमध्ये हिवाळ्यातल्या एखाद्या रात्री, शेतांमधून जाणाऱ्या अरुंद रस्त्याच्या कडेला उभा असलेला मार्शल, म्हणजे संघटकांचा माणूस, गाडीच्या खिडकीतून हा कागद आत सरकवतो आणि घड्याळ सुरू होतं. चालकाच्या शेजारी बसलेल्याने आता मांडीवरच्या नकाशात तो रस्ता शोधायचा. गंमत म्हणजे त्या रेघेत पुढचे चार-पाच किलोमीटर नेमके सांगितलेले असतात.

रॅली म्हटलं की डोळ्यांपुढे येतात त्या बंद केलेल्या रस्त्यांवरून धुरळा उडवत सुटलेल्या गाड्या. नेव्हिगेशनल रॅलीत तसं काही नसतं. रस्ते सगळ्यांसाठी खुले, वाहतुकीचे सगळे नियम लागू, आणि गाड्या एकेका मिनिटाच्या अंतराने सुटलेल्या. कस लागतो तो नकाशा वाचणाऱ्याचा, म्हणजे नेव्हिगेटरचा. त्याच्या हातात पडणाऱ्या सूचना पहिल्यांदा पाहणाऱ्याला गुप्तलिपी वाटतात. प्रकारही डझनावारी आहेत. पण एक गोष्ट कळली की बहुतेक प्रकार आपोआप सुटू लागतात. ती सांगण्यापूर्वी नकाशाकडे बघावं लागेल.

## आधी नकाशा

हा सगळा खेळ ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेच्या लँडरेंजर मालिकेवर चालतो. १९७४ पासून निघू लागलेल्या या मालिकेत २०४ नकाशे आहेत आणि त्यांत अख्खं ग्रेट ब्रिटन येतं. प्रमाण १:५०,०००. म्हणजे कागदावरचे २ सेंटिमीटर हा जमिनीवरचा १ किलोमीटर. नकाशावर उभ्या-आडव्या निळ्या रेघांची जाळी छापलेली असते. तिचा प्रत्येक चौकोन १ किलोमीटर लांब-रुंद, आणि प्रत्येक रेघेला दोन अंकी क्रमांक.

रस्ते रंगांनी ओळखायचे. मोठे हमरस्ते लाल किंवा हिरवे, त्याखालचे तपकिरी, गावाकडचे बारके रस्ते पिवळे. आणि पांढरे म्हणजे शेताकडे किंवा एखाद्या घराकडे जाणारी वाट. रॅलीतली माणसं रस्त्याच्या क्रमांकापेक्षा रंगाचीच भाषा बोलतात. रंगीत आणि पांढरा हा भेद लक्षात ठेवा, पुढे त्यावर बरंच अडणार आहे.

आता वेळेचा हिशेब. सरासरी वेग ताशी ३० मैल धरला तर गाडी मिनिटाला साधारण ८०० मीटर जाते. एक चौकोन सव्वा मिनिटात संपतो. म्हणजे सूचना सोडवायची, पेन्सिलीने नकाशावर रस्ता आखायचा, चालकाला पुढचं वळण सांगायचं आणि खिडकीबाहेर बघून आपण तिथेच आहोत याची खात्री करायची, हे सगळं दर सव्वा मिनिटाला २ सेंटिमीटर या गतीने. त्यात गाडी हलत असते आणि उजेड म्हणजे दिवा लावलेल्या भिंगाखाली जेवढा पडेल तेवढाच.

## सूचना म्हणजे गाळून उरलेला रस्ता

संघटक घरी बसून आपल्या नकाशावर पेन्सिलीने रस्ता आखतो. तीच रेघ स्पर्धकांना दिली तर स्पर्धा उरत नाही. म्हणून तो त्या रेघेबद्दलची एकाच जातीची माहिती ठेवतो आणि बाकीची गाळून टाकतो. कधी फक्त उंचीचे आकडे ठेवतो, कधी फक्त ओलांडलेल्या रेघांचे क्रमांक, कधी फक्त न घेतलेले फाटे.

एवढ्याशा माहितीवरून रस्ता सापडतो कसा? मराठी वाक्यातले काने, मात्रा, वेलांट्या पुसून टाकल्या तरी बरीचशी वाक्यं वाचता येतात. उरलेल्या अक्षरांत बसू शकतील असे शब्द भाषेत मोजकेच असतात आणि शेजारचे शब्द त्यातलेही निम्मे बाद करतात. इथे नकाशा हा तो शब्दसंग्रह. रस्ते मनाला येईल तिथून जात नाहीत, छापले आहेत तिथूनच जातात. त्यामुळे अर्धवट माहितीलाही एकच रस्ता जुळतो. निदान जुळायला हवा.

म्हणून सूचना हातात आल्यावर विचारायचा प्रश्न ‘हे काय आहे?’ हा नाही. ‘यात काय ठेवलंय आणि काय गाळलंय?’ हा आहे. उत्तरं शेवटी दोनच निघतात. काही सूचना रस्त्यावरची ठिकाणं सांगतात आणि मधला रस्ता गाळतात. काही प्रत्येक तिठ्यावर कुठली वाट निवडायची ते सांगतात आणि ठिकाणं गाळतात.

## ठिकाणं सांगणाऱ्या सूचना

सगळ्यांत सरळ प्रकार म्हणजे जाळीवरचा सहा आकडी पत्ता. ३४७ ६८२ असं लिहिलं असेल तर पहिले तीन आकडे उभ्या रेघांचे: ३४ क्रमांकाच्या रेघेपासून उजवीकडे चौकोनाचे ७ दशांश. पुढचे तीन आडव्या रेघांचे: ६८ च्या रेघेपासून वर २ दशांश. आधी आडवं सरकायचं, मग वर चढायचं. क्रम उलटा केला की माणूस भलत्याच परगण्यात पोचतो. एक दशांश म्हणजे जमिनीवर १०० मीटर आणि कागदावर २ मिलिमीटर. हे डोळ्यांनी मोजणं कठीण, म्हणून रोमर नावाचा छोटा पारदर्शक प्लॅस्टिकचा चौकोन वापरतात. त्याच्या कडेवर दशांशाच्या खुणा असतात. पत्त्याबरोबर ‘आग्नेयेकडून या’ किंवा ‘पश्चिमेला निघा’ अशी दिशाही दिलेली असू शकते. तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. ठिकाण बरोबर आणि दिशा चुकीची असेल तर रस्ता चुकीचाच.

उंचीचे ठिपके हा नवख्यांच्या आवडीचा प्रकार. लँडरेंजरवर रस्त्यांलगत जागोजागी काळा ठिपका आणि त्याशेजारी समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये छापलेली असते. सूचनेत नुसतं ६१, ७४, ११८, ९२ असं येतं. या ठिपक्यांवरून याच क्रमाने जायचं. इथे सुरुवातीपासून ओळीने शोधत बसण्यापेक्षा यादीतला दुर्मीळ आकडा आधी पकडावा. सखल भागाच्या नकाशात ६१ बऱ्याच ठिकाणी दिसेल, ११८ कदाचित एखाद्याच टेकाडावर. तो सापडला की दोन्हीकडचे शेजारी चटकन हाती लागतात. समोच्च रेषांचे आकडे वेगळे. ते तपकिरी असतात आणि बहुतेक दहाच्या पटीत. घाईत दोघांची गल्लत होते.

जाळीच्या रेघा ओलांडण्याचा प्रकार थोडा चतुर आहे. ३४, ६८, ३५, ३५, ६९ अशी यादी. रस्ता या क्रमांकांच्या रेघा याच क्रमाने ओलांडतो. लोक अडतात ते दोनदा आलेल्या ३५ वर. छपाईची चूक समजून एक ३५ खोडून मोकळे होतात. खरं तर ती यादीतली सगळ्यांत मोलाची माहिती आहे. रस्ता ३५ ची रेघ ओलांडून पलीकडे जातो आणि मधे दुसरी कुठलीही रेघ न ओलांडता तीच पुन्हा ओलांडून परत येतो. असं करणारे रस्ते त्या भागात एक किंवा दोनच असणार. वाकडा-तिकडा रस्ता रेघेला चिकटून जात असेल तर संघटकाला आनंदाचं भरतं येतं, हे जाता जाता सांगून ठेवतो.

## निवडी सांगणाऱ्या सूचना

दुसऱ्या गटातला ओळखीचा प्रकार म्हणजे ट्यूलिप. नेदरलँड्समध्ये १९४९ साली सुरू झालेल्या ट्यूलिप रॅलीवरून हे नाव आलं. प्रत्येक तिठ्याचं किंवा चौफुलीचं एक छोटं चित्र. गोळा आहे तिथून यायचं, बाण आहे तिकडे जायचं. साध्या रोडबुकात, म्हणजे रस्त्याच्या सूचनांच्या पुस्तिकेत, गोळा नेहमी खाली असतो, त्यामुळे चित्र बघून लगेच डावं-उजवं कळतं. नेव्हिगेशनल रॅलीत मात्र चित्रं हवी तशी फिरवलेली असतात, कधी गोळाच काढून टाकलेला असतो. चित्राच्या शेजारी अंतरही नसतं. तेव्हा बघायचं ते रस्त्यांमधल्या कोनांकडे. चित्र कितीही फिरवलं तरी दोन रस्ते एकमेकांशी करतात तो कोन बदलत नाही.

आणि आता ती काड्यांची रेघ. तिला हेरिंगबोन म्हणतात, म्हणजे माशाचा काटा. माझ्या मते सगळ्या प्रकारांत हा सर्वांत देखणा आहे, आणि सर्वांत जास्त गैरसमजही याच्याचबद्दल.

यात तुमचा संपूर्ण रस्ता, त्याची सगळी वळणं-वळसे सरळ करून, एका रेघेत ताणलेला असतो. काड्या म्हणजे तुम्ही न घेतलेले रस्ते. रेघ डावीकडून उजवीकडे वाचायची असेल तर वरची काडी म्हणजे डाव्या हाताला सोडलेला रस्ता आणि खालची म्हणजे उजव्या हाताला सोडलेला.

इथेच नवखा फसतो. खाली एक काडी दिसली की तो म्हणतो, ‘उजवीकडे फाटा आहे, तो सोडून सरळ जायचं.’ तसं असेलही. पण समजा समोर रस्ता संपतोय आणि डावं-उजवं दोनच पर्याय आहेत. तुम्ही डावीकडे वळलात तर उजवीकडचा रस्ता सोडला. म्हणजे खाली एक काडी. आता तिसरी शक्यता: रस्ता सरळ जातोय आणि डावीकडे एक फाटा आहे. तुम्ही त्या फाट्याला वळलात. सरळ जाणारा रस्ता आता तुमच्या उजव्या हाताला राहिला. पुन्हा खाली एकच काडी. तीन वेगवेगळ्या जागा, तीन वेगवेगळ्या हालचाली, आणि कागदावर तंतोतंत एकच खूण.

ही संदिग्धता नव्हे. तिन्ही ठिकाणी गाडी एका रस्त्याने येते आणि पुढे दोन पर्याय असतात. उजवीकडे काडी आहे, तर दोघांतला डावीकडचा घ्या. एवढाच नियम. ‘सरळ’ आणि ‘वळण’ हे शब्द डोक्यातून काढून टाकायचे, कारण हेरिंगबोनला रस्त्याचा आकार माहीतच नसतो. चौफुलीवर तीन पर्याय असतात, त्यामुळे दोन काड्या लागतात. वर एक आणि खाली एक असेल तर मधला रस्ता, म्हणजे सरळ. दोन्ही खाली असतील तर सर्वांत डावीकडचा. दोन्ही वर असतील तर सर्वांत उजवीकडचा.

सुरुवातीची जागा आणि दिशा माहीत असेल तर मग डोकं लढवायला काही उरतच नाही. प्रत्येक तिठ्यावर कागद एकच उत्तर देतो. फक्त एकही तिठा नजरेतून सुटता कामा नये.

## एक फाटा सुटला तर

दोन गटांतला खरा फरक इथे कळतो. ठिकाणांच्या यादीत एखादा ठिपका सापडला नाही तर पुढचा शोधा. चूक तेवढ्या तुकड्यापुरती राहते. निवडींच्या सूचनेत एक बारकासा फाटा मोजायचा राहिला की त्याची काडी पुढच्या तिठ्याला लागते, पुढच्याची त्याच्या पुढच्याला, आणि तिथून सगळा रस्ता खोटा. वाईट म्हणजे खोटा रस्ताही काही काळ अगदी खऱ्यासारखा जुळत राहतो, कारण तिठा कुठलाही असो, काडी डावीकडे तरी असते नाहीतर उजवीकडे.

चौफुल्या इथे तपासनिसाचं काम करतात. नेहमीच्या पद्धतीत एकाच चौकातल्या दोन काड्या रेघेवर एकाच बिंदूतून काढलेल्या असतात. नकाशावर चौफुली आली आणि कागदावर त्या जागी एकुलती एक काडी असेल, तर मागे कुठेतरी घोळ झालाय. तिथेच थांबून मागे जावं, रेटू नये. पुढच्या कंट्रोलची, म्हणजे मार्शल वेळ नोंदवतो त्या ठिकाणाची, जागा दिलेली असेल तर आणखी एक वाट आहे: शेवटाकडून उलटं सोडवत यायचं. तेव्हा काड्यांचा क्रम उलटा होतो आणि बाजूही बदलतात, डावीकडच्या उजवीकडे. दोन्ही टोकांकडून आखलेल्या रेघा जिथे एकमेकींना चुकवतात, तिथेच तो सुटलेला फाटा असतो.

आणि पांढऱ्या वाटा? त्या मोजायच्या की नाही? याचं उत्तर सुरुवातीला मिळणाऱ्या सर्वसाधारण सूचनांच्या पानावर असतं. बऱ्याचदा फक्त रंगीत रस्तेच धरायचे असतात. ते पान कंटाळवाणं असतं आणि म्हणूनच न वाचता बाजूला पडतं. मध्ये गवताचा त्रिकोण असलेला तिठा एक समजायचा की तीन, हेही तिथेच ठरतं.

## बरोबर रस्त्याने आलात हे त्यांना कसं कळणार?

रस्त्याकडेला कोड बोर्ड लावलेले असतात. छोटीशी पाटी, तिच्यावर एक-दोन अक्षरं. दिसली की वेळपत्रकावर, म्हणजे गाडीबरोबर दिलेल्या नोंदींच्या कागदावर, शाईने उतरवायची. त्रिकोणाची लांबची बाजू घ्यायची असेल तर पाटी तिथेच असणार. जवळची बाजू घेतलेल्याला ती दिसतच नाही आणि त्याच्या पत्रकात एक घर मोकळं राहतं. काही वेळा चुकीच्या रस्त्यावरही पाटी लावून ठेवतात, म्हणजे ‘मला पाटी मिळाली, मी बरोबर आहे’ असं समाधानही टिकत नाही.

बाकी टाइम कंट्रोल. तिथे मार्शल येण्याची वेळ लिहितो. उशिराला दंड असतो आणि लवकर येण्यालाही. त्यामुळे घाई करून काही हाती लागत नाही.

## फोनवरचा नकाशा का नको?

बहुतेक रॅलींच्या नियमावलीत त्याला मनाई असते, पण मनाई नसती तरी त्याचा फारसा उपयोग झाला नसता. फोनला ‘कुठे जायचं’ ते सांगावं लागतं आणि मग तो सोयीचा रस्ता काढून देतो. इथे कुठे जायचं हेच माहीत नसतं, आणि रस्ता मुद्दाम गैरसोयीचा असतो. ११८ मीटरच्या ठिपक्यावरून जा किंवा ३५ ची रेघ दोनदा ओलांडा, हे फोनला सांगायचं कसं? त्याच्या नकाशावर तो ठिपका बहुधा नसतोच.

यातूनच दुसरी शंका येते: छापील नकाशा जुना असेल तर? असतोच. मधल्या काळात नवा वळणरस्ता होतो, एखादा तिठा जाऊन तिथे गोल चौक येतो. म्हणून संघटक कुठला नकाशा आणि त्याची कुठली आवृत्ती ते आधी जाहीर करतो. नियम असा की सूचना नकाशाला धरून असते, जमिनीला नाही. रस्त्यावर फाटा दिसतोय पण नकाशावर नाही, तर तो मोजायचाच नाही. नेव्हिगेटर चालकाला सांगतो, ‘हा नकाशात नाही, सोड.’ समोर ढळढळीत रस्ता दिसत असताना तो नाहीच असं धरून चालणं नव्या माणसाला जड जातं.

## खुल्या रस्त्यावर स्पर्धा? हे कायद्यात बसतं?

शर्यत बसत नाही. ब्रिटनच्या १९८८ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टनुसार सार्वजनिक रस्त्यावर वेगाची शर्यत हा गुन्हा आहे. नेव्हिगेशनल रॅलींना इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६९ चे वेगळे नियम लागू होतात. त्यांनुसार अशा रस्त्यांवर ताशी ३० मैलांहून जास्त सरासरी लागेल अशा वेळा देता येत नाहीत. १२ पर्यंत गाड्या असतील तर वेगळी परवानगी लागत नाही. त्यामुळेच तिथल्या क्लबांमध्ये ‘ट्वेल्व्ह-कार’ नावाच्या छोट्या रॅली फोफावल्या. त्याहून मोठ्या कार्यक्रमांना मोटरस्पोर्ट यूके या संस्थेमार्फत परवानगी घ्यावी लागते, आणि वाटेवरच्या घरांना आधी कळवावं लागतं.

वेगाची हौस असलेल्यांची वाट बरीच आधी वेगळी झाली. १९६० च्या आरएसी रॅलीत, म्हणजे ब्रिटनच्या मोठ्या रॅलीत, पहिल्यांदा जंगलातला एक बंद टप्पा आला, पुढच्या वर्षी असे टप्पे वाढले आणि मोठ्या रॅली हळूहळू तिकडेच सरकल्या. १९६० ते १९६२ अशी तिन्ही वर्षं ती रॅली साब गाडीतून एरिक कार्लसनने जिंकली. पहिल्या वर्षी त्याच्या शेजारी बसला होता स्टुअर्ट टर्नर, नकाशावाचनात मुरलेला माणूस. खुल्या रस्त्यांवर मागे राहिलं ते नकाशाचं कसब.

## संघटकाच्या मनातलं ओळखायचं का?

हा आक्षेप मात्र मला पटतो, निदान अर्धा. काही संघटक एवढी हुशारी करतात की सूचनेत काय ठेवलंय हेच कळू नये. आकड्यांच्या जागी अक्षरं, अक्षरांच्या जागी चित्रं, यादीचा क्रम न सांगता उलटा केलेला. घरी चहा पिताना हे कोडं सोडवायला मजा येते. चालत्या गाडीत, अंधारात, पोटात ढवळत असताना ते छळ वाटतं. चांगली सूचना सोडवायला कठीण असावी, ओळखायला नाही. अनेक क्लब यावर साधा उपाय करतात: रस्ता सगळ्यांना एकच, पण नवख्यांना सोप्या सूचना आणि मुरलेल्यांना अवघड. दोघेही एकाच कंट्रोलवर पोचतात, निकाल मात्र आपापल्या गटात लागतो.

ज्यांना गाडी न काढता हात साफ करायचा आहे त्यांच्यासाठी टेबल-टॉप रॅली असतात. खोलीत बसून, घड्याळ लावून, नकाशावर नुसता रस्ता आखायचा. त्याहून स्वस्त सराव म्हणजे कुठलाही सविस्तर छापील नकाशा घ्या, त्यावर दहा-बारा तिठ्यांचा एक रस्ता मनाशी ठरवा आणि त्याचा हेरिंगबोन स्वतः काढा. मग आठवडाभर तो कागद बाजूला ठेवा आणि फक्त सुरुवातीची जागा व दिशा घेऊन परत सोडवा. पहिल्यांदा बहुधा जुळणार नाही. तेव्हा सोडवताना काय चुकलं ते बघण्याआधी काढताना कुठला फाटा मोजायचा राहिला होता ते तपासा.